माणिकतात्यांचा उमाळा

आमच्या शेजारच्या रानातले माणिकतात्या शिव्यासुद्धा शांतपणे ऐकून घेतात. पण "तात्या, तुमच्या बोअरला लई पाणी हो," एवढं म्हटलं की भडकतात.

"बोअर माणसाचा असतोय. ह्यो उमाळा हाय. जमिनीचा. माझा काय संबंध?"

आता बोअर यांनीच पाडला, नारळ यांनीच फोडला. एका चांगल्या पावसाळ्यानंतर त्यातून मोटारीवाचून पाणी वाहू लागलं, एवढंच. मी शाळेत भूगोल शिकवतो. अशा बोअरला आर्टेशियन विहीर म्हणतात, असं मी मोठ्या हौसेनं सांगितलं.

"ही कोण बाई? तिच्या नावावर सातबारा हाय का?"

नाही म्हटल्यावर विषय संपला.

हट्टाला कारण होतं. बांधापलीकडं त्यांचे धाकटे भाऊ बळीकाका. वाटणीत आंब्याच्या झाडावरून बिनसलं आणि "तात्याच्या हातचं पाणी घेणार न्हाय," असं बळीकाका चारचौघांत बोलून बसले. पुढं त्यांची विहीर आटली, लिंबाची बाग सुकायला लागली, तरी माणूस वाकेना. अशात तात्यांचा बोअर वाहू लागला आणि पाणी उतारानं थेट त्या बागेत गेलं. उतार मुळातच होता की तात्यांनी खोऱ्यानं केला, यावर मी काही बोलणार नाही.

"पाणी आपल्या मनानं जातंय," तात्यांनी गावभर सांगितलं. "म्या देत न्हाय, कुणी घेत न्हाय."

बळीकाकांना हे पटलं. बाग हिरवी झाली. मोटार बसवा म्हणणाऱ्यांना तात्या बांधावरूनच परत धाडायचे.

उन्हाळ्यात धार बारीक होत गेली आणि एका सकाळी थांबली. बागेत लिंबं धरलेली. तात्यांच्या घशाखाली घास उतरेना, असं त्यांच्या घरच्या काकू सांगत होत्या. मग बळीकाका मुरुम गावच्या बाजाराला गेल्याचं बघून तात्यांनी मला हाक मारली. बोअरमध्ये पाणबुडी मोटार सोडायची होती. दोर मी धरला. केबल मातीत गाडली, स्टार्टर गोठ्यात कडब्यामागं लपवला.

"उमाळा हाय," तात्यांनी मला दरडावलं.

"व्हय," मी म्हणालो.

तेव्हापासून आमचा उमाळा लाईट असली की वाहतो, गेली की थांबतो. हे साऱ्या गावाला कळलं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. आमच्या गावाचा हा स्वभाव नव्हे.

तात्यांना मात्र एकच घोर. "बळ्याला कळलं तर पाट बुजवील हो. बाग जाईल त्याची." भावावर एवढा जीव असलेला माणूस त्याच्याशी एक शब्द बोलू शकत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

परवा बळीकाका त्यांच्या बागेत खोरं घेऊन उभे होते. पाट कोरडा. त्यांच्या रानात ना मोटार, ना विजेची तार.

"गुरुजी," त्यांनी विचारलं, "आज लाईट कवा यायची?"

मी गडबडलो. चारला येईल म्हणालो.

"मग थांबतो," ते बांधावर टेकत म्हणाले. "आन् म्या इचारलं म्हणून तात्याला सांगू नका. मोटार बंद करून बसंल."