कोपऱ्यावर सांडणारा उजेड

आमचा शेजारी जितू घरातल्या घरातसुद्धा काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन हिंडतो. पितो कधी, देव जाणे. दार आलं की थबकतो, खांदा आत घेतो आणि तापीतल्या होडीसारखा हळूच वळतो.

जितू बंगळुरूच्या कंपनीसाठी इथे नंदुरबारला घरी बसून सिलिकॉनच्या चिपवरची वळणं आखतो. त्या चिपमध्ये उजेड धावतो म्हणे, केसाहून बारीक वाटेतून. एकाच वाटेने उजेडाच्या दोन-तीन चाली, म्हणजे लहरींच्या वेगवेगळ्या तऱ्हा, सोबत निघतात, जिचा निरोप तिच्यापाशी. कंपनीला वळण हवं इवलंसं. पण ते फार आखडलं की चाली एकमेकींत घुसतात.

"कोपरावर उजेड सांडी जास, भो," जितू स्वप्नात असल्यासारखा म्हणतो.

मला वाटलं, कप म्हणजे संशोधन. आपणही विज्ञानाला हातभार लावावा म्हणून मी त्याचा कप उचलला आणि त्याच्या घरातल्या बोळात झपकन वळलो. निम्मा चहा शर्टावर, निम्मा भिंतीवर.

"जितू, मन्हाकडे उजेड नहीं, नुसता चहा शे!"

तो हसला नाही. भिंतीवरच्या डागाशी त्याने खडूने खूण केली. दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन तो कोपरा तासून गोल करू लागला.

"चिपकरता घर पाडी टाकस का?"

"मायनी खुर्चीकरता."

जितूच्या मायचा खुबा मोडलेला. चाकांच्या खुर्चीतून एकदा बाहेर आणताना त्याच कोपऱ्यावर हिसका बसला, ती कळवळली आणि म्हणाली, "आते बाहेर येवाव नहीं." जन्मभर मिरच्या निवडलेली बाई, समोरच्या मैदानातल्या पथारीवर यंदाची मिरची वाळत पडली, तरी तिने पाहिली नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. कपाशी त्याचा संबंध लावायची अक्कल तेवढी नव्हती.

कोपरा वाळल्यावर, एका संध्याकाळी खुर्ची निघाली. जितूने भरला कप मायच्याच हाती दिला.

"मी काय चहा शे का रे?" माय कुरकुरली.

खुर्ची वळली. कप हलला नाही. ओटा आला, आणि समोर मावळतीच्या उजेडात सगळं मैदान लाल धुक्यासारखं पसरलेलं.

"कशी लालेलाल दिखी ऱ्हायनी!" माय पुटपुटली. बराच वेळ पाहत राहिली. मग कप मागे केला. "धर. तू पी."

जितूने तो घेतला. आता कुठेच वळायचं नव्हतं, तरी सांडला.