मागच्या ओळीतले किसनमामा

गाणं सुरू झालं की जगातली माणसं गाणाऱ्याकडे कान देतात. आमचे शेजारी किसनमामा मात्र गाणारा गात असेपर्यंत हात वर करून बसतात, 'थांब बाबा जरा' म्हटल्यासारखे. तो ओळ संपवतो, मागे बसलेले कोरसवाले ती ओळ उचलतात आणि मग कुठे मामांची मान डोलायला लागते. एकदा मी त्यांना माझ्या मोबाइलवर माझं आवडतं गाणं ऐकवलं. एका बाईंचा आवाज आणि सोबतीला नुसती सतार. मामांनी सगळं गाणं सोसलं आणि विचारलं, "बरं हाय. पन मागच्यांचं काय?"

"यात मागे कोणी नाहीच, मामा."

"मग बिचारीला एकटीलाच बसवलं म्हना की."

'मागच्यांचं काय' हे मामांचं पालुपद सगळ्या जिंतूरला पाठ आहे. लग्नात पंगत बसली की हे भटारखान्यात जाऊन आचारी जेवले का ते विचारतात. ग्रुप फोटो काढताना फोटोग्राफरला तीनतीनदा थांबवतात, कारण मागच्या रांगेतल्या कोणाचा तरी अर्धाच चेहरा येत असतो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी त्यांना हौसेने नेलं, तर नाटक संपल्यावर सगळी माणसं नटांसाठी टाळ्या वाजवून थकली आणि मग हे एकटे उभे राहून पडदा ओढणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मी पर्समध्ये काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं.

ही सवय आली ती गायन पार्टीतून. एसटीच्या वर्कशॉपात नोकरी लागण्याआधी मामा भीमगीतांच्या एका पार्टीत कोरसला होते. त्या काळी दोन पार्ट्यांचे मुकाबले व्हायचे. दोन्ही पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच त्याला जवाब द्यायचा. पुढे मुख्य गायक, बाजूला पेटी, ढोलक, बेंजो आणि मागे ओळ उचलून टाळ्या वाजवणारा कोरस. सेलूला झालेला एक मुकाबला मामांच्या पार्टीने जिंकला होता आणि त्याची कॅसेट मामांनी इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवली होती.

मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा मामांनी पहिलं काम केलं ते हे, की फोटो स्टुडिओवाल्याकडून ती कॅसेट फोनमध्ये उतरवून घेतली. आणि लागलीच माझ्या ओट्यावर हजर.

"मॅडम, फुरसत हाय का? ह्यात कोरस ऐकूच येईना. पुढचा मानूस तेवढा वरडायलाय. आमी एवढे जण मागं बसून काय शेंगा फोडायलो होतो का?"

मी म्हटलं, जुनी टेप आहे, असंच ऐकू येणार.

"तसं न्हाई. त्यात एक आवाज हाय. तेवढा ऐकू आला की माझं काम झालं. न्हाव्याच्या दुकानात म्हनत होते, प्लेअर बदलला की आवाज बदलतो. तुमी चांगलासा प्लेअर बघून द्या."

तो एक आवाज कोणाचा हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. माणसाला उतारवयात स्वतःचा तरुण आवाज ऐकावासा वाटतो, त्यात काय विचारायचं?

तेव्हापासून आमच्या ओट्याचं वर्कशॉप झालं. मामांचा नियम एकच. "आधी ट्रायल काढू, मग गाडी रूटला लावू." पितळी पातेल्यात फोन ठेवायचा, म्हणजे आवाज घुमतो, मग मांडी घालून टाळी धरायची आणि कोरस शोधायचा.

पहिल्या ॲपने ऐन गाण्यात जाहिरात सोडली. एक बाई गुडघेदुखीच्या तेलाचे गुण सांगायला लागली. मामा टाळी थांबवून म्हणाले, "हिला कोरसात कोनी घेतलं?" त्या ॲपला रजा मिळाली. दुसऱ्याने उघडल्या उघडल्या विचारलं, तुमचे आवडते गायक निवडा, आणि गायकांचे गोल गोल फोटो दाखवले. मामांनी अंगठ्याने सरकवत सरकवत पार तळ गाठला. "सगळे पुढचेच हायेत," म्हणाले आणि फोन उपडा ठेवला. तिसऱ्यावर रंगीत दिव्यांची अशी काही उघडझाप होती, की पोळ्याचा बैल सजवून पुढ्यात बांधलाय असं वाटावं. आवाज मात्र होता तसाच.

चौथं ॲप मी स्वतः हुडकून दिलं होतं, म्हणून त्याचं दुःख मला जास्त झालं. आवाज स्वच्छ करून ऐकवतो असा त्याचा दावा होता. गाणं लागलं. गायकाचा आवाज खरोखरच घासूनपुसून लख्ख झाला होता. पण मामांचा चेहरा उतरत गेला.

"टाळ्या कुठं गेल्या, मॅडम?"

मी ॲपची माहिती वाचली. मागचा गोंगाट ओळखून हे ॲप तो काढून टाकतं, असं तिथे लिहिलेलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं ही चूकच झाली.

"म्हंजी आमी गोंगाट," मामा म्हणाले, पातेलं उचललं आणि घरी गेले. दोन दिवस त्यांनी मला नमस्कारसुद्धा केला नाही, जणू ते ॲप मीच बनवलं होतं.

इअरफोनचा उपाय मी सुचवून पाहिला होता. "कानात बोळे घालून एकट्यानं ऐकायला गानं काय औषध हाय का?" एवढ्यावर तो निकालात निघाला. या सगळ्या काळात पंचफुलामामी, म्हणजे मामांची बायको, शेजारच्या ओट्यावरून काहीबाही निवडता निवडता वैतागायच्या. "त्यो मोबाइल कालवनात टाकून खाऊन टाका एकदाचा. मॅडमला पोरांचे पेपर तपासायचेत, तुमचं आपलं कोरस कोरस." मला मामींचं बोलणं मनापासून पटायचं. मी मान हलवायचे आणि पुढचं ॲप उतरवून घ्यायचे. का, ते मलाही सांगता येणार नाही. त्या आवाजाच्या मागे आता मीही लागले होते.

परवाच्या रविवारी मामा नवा प्लेअर घेऊन आले. त्यात खालीवर करायच्या पट्ट्याच पट्ट्या होत्या. सगळ्या सरकवून झाल्या. गायक कधी घोगरा झाला, कधी किनरा, पण मागचे काही पुढे येईनात. सगळ्यात खाली एक आडवी पट्टी होती, एका टोकाला डावा, दुसऱ्या टोकाला उजवा.

"मामा, त्या वेळी माइक किती होते?"

"एकच लावायलता मंडपवाला, गायकापुढं. म्या भांडलो त्याच्याशी, मागच्यांचं काय म्हनून. मग त्यानं कोरसापुढं दुसरा लावला."

दोन माइक दोन बाजूंना टेप झाले असले तर? मी पट्टी उजव्या टोकाला नेली. नुसता गायक उरला. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी घाईघाईने पट्टी पार डावीकडे ओढली.

गायक उठून पलीकडच्या गल्लीत गेल्यासारखा झाला. आणि पातेल्यातून धाडकन टाळ्या उसळल्या, जिवंत, कडक, आणि त्या टाळ्यांवर सात-आठ गळे. त्या सगळ्यांच्या वर एक आवाज होता. बाईचा. कोवळा आणि धारदार, ओळ उचलून थेट आभाळात नेणारा. इतके दिवस गायकाच्या ओरडण्याखाली हा आवाज गाडलेला होता, यावर माझा विश्वास बसेना.

मामा टाळी धरायची विसरले होते. ते गाण्याकडे नाही, शेजारच्या ओट्याकडे बघत होते. तिथे मामींच्या हातातलं ज्वारी पाखडायचं सूप थांबलं होतं.

"ही कोन?" मामींनी विचारलं.

"वळखंना का?"

मामी सूप खाली ठेवून आल्या आणि पातेल्यापाशी बसल्या. "मी न्हवं ही. माझा आवाज कुटं असा?"

"असाच होता. लेकराबाळात बंद पडला. घरात सांगून दमलो, कोनी खरं मानंना. सूनबाई हसती. तूबी हसतीस." मामा माझ्याकडे वळले. "मुकाबला हिच्या जिवावर जिंकला, मॅडम. शाल पुढच्या मानसाला घातली."

इतके दिवस मी या माणसाला स्वतःच्या आवाजाच्या नादी लागलेला समजत होते.

मामी डोळे मिटून ऐकत राहिल्या. कडव्यामागून कडवं गेलं. एका ठिकाणी त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली.

"इथं टाळी चुकायलीय कोनाची तरी."

"माझी," मामा म्हणाले.

"काऊन चुकली?"

"तुज्याकडं बघायलतो. आपलं लगीन ठरायचं होतं अजून."

मामींनी पदर तोंडाला लावला, आणि हसत होत्या की रडत होत्या हे त्यांचं त्यांना माहीत. गाणं संपलं. मग त्यांनी पदर खाली केला, नीट बसल्या, पाठ ताठ केली.

"पुन्यांदा लावा," मामी म्हणाल्या. "आन् मोठ्यानं लावा. सूनबाई सैपाकघरात हाय."

मामांनी आवाज पार शेवटापर्यंत नेला.