शकु मॅडमचा निळा पडदा

शकु "मला चहा हवा" आणि "मला चहा आवडतो" यांतला फरक समजावत होती, तेवढ्यात कॉम्प्युटरचा पडदा निळाशार झाला. त्यावर एक रडवेला चेहरा उमटला, खाली इंग्रजीत दिलगिरी आली आणि मशीन स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायच्या तयारीला लागलं. ही तयारी म्हणजे एखाद्या लग्नघरची. सगळं आवरून शकु परत वर्गात शिरेपर्यंत वर्गाची वेळ संपत आलेली असायची.

विक्रोळीच्या मराठी शाळेत शकुनं अर्धं आयुष्य शिकवलं होतं. मुलं कमी होत होत शाळाच बंद झाली. वर्षभर घरी बसून कंटाळल्यावर तिला हे ऑनलाइन काम मिळालं: मुंबईत बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना बोलायचं मराठी शिकवायचं. केरळची नर्स लिजी, ओडिशाहून बदलून आलेले बँकेतले महापात्र आणि लग्न होऊन मुलुंडला आलेली हरप्रीत असा तिचा वर्ग. पहिला महिना परीक्षेचा होता. महिन्याच्या अखेरीस कंपनीची रुचिरा विद्यार्थ्यांशी बोलणार आणि शकुला ठेवायचं की नाही ते ठरवणार. वर्गात फळा दिसायचा तर कॉम्प्युटरच लागायचा, मोबाइलवर भागत नव्हतं. आणि कॉम्प्युटर रोज संध्याकाळी भर वर्गात मान टाकत होता.

नवरा भीमराज एका कंपनीची बस चालवायचा. बंद पडलेली वस्तू एक तर तापलेली असते नाहीतर तिला नीट करंट मिळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. त्यानं आधी टेबलफॅन आणून मशीनच्या तोंडाशी लावला. महापात्रांनी नम्रपणे विचारलं, की मॅडम विमानतळाजवळ राहतात का. मशीन बंद पडलंच. मग वर्गाच्या वेळी फ्रिज बंद ठेवायचा, म्हणजे व्होल्टेज नीट मिळेल, असा हुकूम निघाला. तीन दिवसांत दूध नासलं, बोंबील वास मारायला लागले आणि मशीन पूर्वीसारखंच बंद पडत राहिलं.

शेवटी भीमराजनं तो जडशीळ डबा मांडीवर घेतला आणि रिक्षानं स्टेशनजवळच्या धवलच्या दुकानात नेला. कॉम्प्युटरला वायफाय मिळावं म्हणून मागे नखाएवढा डोंगल लावलेला असायचा. तो वाटेत हरवेल म्हणून शकुनं काढून घरीच डब्यात ठेवला. धवलनं आपल्या दुकानातली इंटरनेटची वायर जोडली, अख्खा दिवस त्यावर क्रिकेट लावून ठेवलं, आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं, की मशीन एकदम झकास आहे, भाभींना टेन्शन घेऊ नका म्हणावं.

घरी आणून शकुनं डोंगल लावला, वर्ग सुरू केला. लिजी "काल मी" एवढंच म्हणाली आणि पडदा निळा झाला.

पुन्हा रिक्षा, पुन्हा धवल. त्यानं मेमरी बदलली, धूळ उडवली, पुन्हा क्रिकेट लावलं. मशीननं तक्रारीला जागा ठेवली नाही. घरी आलं आणि पुन्हा कोसळलं. तिसऱ्या खेपेला धवलनं निकाल दिला, की बिघाड मशीनमध्ये नाही, तुमच्या घरात आहे. भीमराजला ते पटलं. त्यानं इलेक्ट्रिशियन बोलावून अर्धी भिंत फोडून घेतली. आता पलंगावर सिमेंटची भुकटी होती, नासलेलं दूध होतं आणि निळा पडदाही होता.

"मी एक काम करते," शकु म्हणाली. "धवलच्या दुकानातच राहायला जाते. तिथे सगळं नीट चालतं."

भीमराज तो फॅन पुसत बसला.

उलगडा झाला तो वेगळ्याच कारणानं. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि शकु राहायची त्या अख्ख्या पंतनगरचं इंटरनेट गेलं. त्या दिवशीचा वर्ग रद्द झाला. शकु पुढच्या धड्यांची चित्रं करत दिवसभर मशीनवर बसली. फॅन नव्हता, फ्रिज चालू होता, तरी मशीन एकदाही बंद पडलं नाही. दुसऱ्या दिवशी इंटरनेट आलं, वर्ग सुरू झाला आणि रडवेला चेहरा हजर झाला. या वेळी शकुनं दिलगिरी न वाचता तिच्याखालच्या बारीक अक्षरांचा फोटो काढला. पुण्यातली लेक संघमित्रा नोकरीत नवीन आहे, तिला उगाच त्रास नको, म्हणून आजवर तिला काही कळवलं नव्हतं. तिला तो फोटो पाठवला.

संघमित्राचा लगेच फोन आला. "मम्मी, तुमचा ड्रायव्हर खराब आहे."

फोन स्पीकरवर होता. भीमराजनं मान वर केली. "कोण म्हणतं?"

मग संघमित्रानं समजावलं, की डोंगल कसा चालवायचा हे कॉम्प्युटरला सांगणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मागच्या अपडेटमध्ये त्याच्या जागी नवा ड्रायव्हर आला होता आणि वायफायवर जोर पडला की तो सगळं मशीन घेऊन खड्ड्यात जात होता. दुकानात डोंगलच नव्हता, म्हणून तिथे काही होत नव्हतं. नव्याला काढून जुन्याला परत आणायचं, एवढंच काम.

"जुनाच बरा असतो," भीमराज म्हणाला आणि शकुच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. लेक सांगत गेली, शकु बटणं दाबत गेली. जुना ड्रायव्हर परत आला.

त्या संध्याकाळचा वर्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत चालला. शकुनं भूतकाळ शिकवला, भविष्यकाळ शिकवला, तरी वेळ उरला. पण वर्ग मात्र गप्प गप्प होता. हरप्रीत दोनदा घड्याळाकडे बघताना दिसली. शेवटी महापात्रांनी चाचरत विचारलं, "मॅडम, आज तुम्ही जात नाही?"

शकुला तो टोमणा वाटला. महिना संपला होता. रात्रीचं जेवण तिला गेलं नाही.

सकाळी रुचिराचा फोन आला. तिनं आधी शकुला कायम केल्याचं सांगितलं आणि मग विचारलं, की मधेच निघून जायची ही पद्धत तिला सुचली कशी. विद्यार्थी तिच्यावर बेहद्द खूश होते. मॅडम गेल्या की हिंदी-इंग्रजी बोलायचं नाही, असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. त्या वेळात महापात्र आणि लिजी मासळीच्या भावावरून मराठीत कडकडून भांडायला शिकले होते. हरप्रीतनं सासूची तक्रार करून घेतली होती, तीही व्याकरणशुद्ध. बाकीच्या शिक्षकांनाही हे शिकवाल का, असं रुचिरा विचारत होती.

"नेमकं कधी जायचं, ते कसं ठरवता, मॅडम?"

शकुनं भीमराजकडे बघितलं. "ते आतूनच कळतं," ती म्हणाली.

संध्याकाळी भर वर्गात तिनं एक अवघड वाक्य दिलं आणि स्वतःचा कॅमेरा आणि माइक बंद केला. पलीकडे एकदम जीव आला. लिजी महापात्रांना म्हणाली, "तुम्ही काल मला खोटं बोललात." शकुचा हात सवयीनं माइककडे गेला. "मला" नाही, "माझ्याशी", हे तिच्या ओठांवर आलंच होतं.

भीमराजनं तो हात वरच्यावर धरला.

"तू गेलीयस ना?" तो हळूच म्हणाला. "मग गप बस."