लिलावतीचा पत्रा

माझ्या धाकट्या जावेने आमच्या फाटकावर लावलेली पहिली बातमी अशी होती: "काल मी भात करपवला. कोणाला सांगू नका."

आमचं घर बेटाच्या उत्तरेला, प्लेन दे पपाय गावात, बसथांब्याच्या अगदी समोर. सकाळच्या दोन बसगाड्या भरून माणसांनी ती बातमी वाचली. तिसऱ्या गाडीचा कंडक्टर तर खाली उतरला आणि ओट्यावर बसलेल्या सासूबाईंना म्हणाला, "मग काल जेवलात काय?"

ही गोष्ट ऐंशीनंतरच्या एक-दोन वर्षांतली. लिलावती तेव्हा गुडलँड्सच्या फाक्टरीत ट्रिको, म्हणजे स्वेटर, विणायला जायची. सिक्लोनात, म्हणजे वादळात, आमच्या गोठ्याचा एक पत्रा उडून उसात पडला होता. तो तिने ओढत आणला, काळा रंगवला आणि तारेने फाटकाला बांधला. डाव्या बाजूला पांढऱ्या रंगात कायमचा मजकूर: "मी लिलावती. वय लिहीत नाही. ट्रिको विणते. संध्याकाळी चुलीत असते. भेटायला या."

"अगं, चुलीत नव्हे, चुलीपाशी," मी म्हटलं.

"अयो अक्का, रंग वाळला. आता चुलीतच राहू दे."

उजवी बाजू खडूची. तिथे रोज नवं. पत्र्याच्या खालच्या कडेला भोकं पाडून तिने आपल्या विणकामाचे नमुने टांगले होते: एक गळपट्टी, चौकटीच्या स्वेटरची अर्धी पाठ, एकच बाही. पाऊस आला की सगळ्यांवर खताची प्लास्टिकची पिशवी. एकाने विचारलं, "दुसरी बाही कुठाय?" ती म्हणाली, "एक बघून कळत नाय, की मला दुसरी पण येते?" शेजारी दोरीला पेन्सिल आणि एक वही. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने त्यात लिहावं. लोक मराठीत लिहायचे, इथल्या क्रेओल बोलीत लिहायचे, ज्यांना लिहिता येत नसे ते कोंबडी काढून जायचे.

घरात काहीही झालं की तिचं एकच वाक्य: "हे पत्र्यावर घालते हां." माझा नवरा सायकलवरून गटारात पडला. आम्ही सगळे धावलो. तीही धावली, पण हात द्यायच्या आधी म्हणाली, "भावजी, हे पत्र्यावर घालते हां." त्यांनी गटारातूनच होकार दिला. सासूबाईंचा गुडघा पत्र्यावर आला तेव्हा त्या दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पण गुडलँड्सच्या बाजारात अनोळखी बायका थांबवून गुडघ्याची चौकशी करू लागल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःच सकाळी फाटकापाशी जाऊन सांगू लागल्या, "आज डावा लिही गं."

सगळं आलं त्या पत्र्यावर. आमची कोंबडी, आमचा गुडघा, चिनी दुकानदाराचा नवा तराजू. मी मात्र कधीच आले नाही.

मी जळायचे. आता सांगायला हरकत नाही. देवळातल्या मराठीच्या वर्गात गुरुजी माझं अक्षर इतरांना दाखवायचे. गणपतीत पोथी वाचायची ती मी. लिलावती लग्न होऊन आली तेव्हा तिला 'अ' येत नव्हता. रविवारी देवळात लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन ती शिकली, आणि शिकली तरी 'सासू'चं 'ससू' करायची. आणि बसमधली माणसं खिडकीतून माना काढून तिचं वाचायची!

मग मी पण एक फळा केला. चांगल्या लाकडाचा, फाटकाच्या दुसऱ्या बाजूला. रोज एक सुविचार, ठसठशीत अक्षरात, एकही चूक नाही. पहिल्या दिवशी मी पडद्याआडून बघत बसले. एक म्हातारा माझ्या फळ्याजवळ आला. थांबला. त्याने फळ्याच्या खिळ्याला मासळीची पिशवी अडकवली आणि दोन्ही हात मोकळे करून लिलावतीच्या वहीत लिहायला गेला.

आठ दिवसांनी मी फळा काढला. "का वो अक्का? चांगला होता," लिलावती म्हणाली. मला ते टोचून बोलणं वाटलं. ती टोचून बोलणारी नव्हती हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक मोटार फाटकाशी थांबली. आतून एक गोरटेली बाई उतरली. क्युरपिपला तिचं लोकरीच्या कपड्यांचं दुकान होतं, तिकडे थंडी, स्वेटर खपतात. तिने ती चौकटीची पाठ उलटून पालटून पाहिली, आतली गाठ शोधली, सापडली नाही. मग मला विचारलं, "कीसांनला फिन फेर सा?" हे कोणी केलं?

लिलावती फाक्टरीत होती. संध्याकाळी येईल, एवढंच सांगायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मो पा कोने." मला ठाऊक नाही.

बाईने पत्र्यावरच्या मराठीकडे पाहिलं, तिला ते वाचता येईना. एका चिठ्ठीवर पत्ता लिहून माझ्या हातात दिला, ज्याने केलं त्याला पाठव म्हणाली आणि गेली. ती चिठ्ठी मी डाळीच्या डब्यात तळाशी घातली.

सुखाने घातली असं नाही. त्या दिवसापासून डाळ नको वाटायला लागली. मग भात नको. घरात बोलणं कमी झालं. चौथ्या दिवशी सकाळी गोठ्यातून आले तर फाटकाशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी. पत्र्यावर लिहिलं होतं: "आमच्या अक्का जेवत नायत. तीन दिवस झाले. घरात त्यांच्याशिवाय माझं कोणी ऐकत नाय. कोणाला औषध माहीत असेल तर वहीत लिवा."

पहिल्यांदा माझं नाव! आणि ते असं.

वहीत अकरा औषधं आली. कोणी गवती चहा सांगितला, कोणी गरम पाण्यात आलं, कोणी नजर उतरवायला. एकाने नुसतीच कोंबडी काढली, ती औषध म्हणून की सहज, कळलं नाही. बस सुटली तसा ड्रायव्हर ओरडला, "अक्का, तिझान घ्या, तिझान!" म्हणजे काढा. सबंध गाडी हात हलवत होती. माझ्या इतक्या सुविचारांना कोणी मान वर केली नव्हती.

संध्याकाळी लिलावती फाक्टरीतून आली, पायातल्या चपला काढायच्या आत मी डबा तिच्यासमोर उपडा केला. डाळ सांडली, चिठ्ठी निघाली. जे झालं ते सगळं सांगितलं. "मला ठाऊक नाही" हेसुद्धा.

ती खाली बसून डाळ गोळा करू लागली. सगळी डब्यात भरून झाल्यावर म्हणाली, "हे पत्र्यावर नाय घालायचं हां." मी रडायला लागले तर म्हणाली, "आधी जेवा. मग रडा."

पुढल्या शनिवारी मीच तिला घेऊन निघाले. पोर्ट लुईला गाडी बदलली आणि क्युरपिपला उतरलो तर भुरभुर पाऊस. नमुन्यांची पिशवी मी पदराखाली धरली होती. दुकानात बाईने एकेक तुकडा मांडला. लिलावती, जी आख्ख्या गावाला आपल्या करपलेल्या भाताची बातमी देते, ती तोंडातून शब्द काढीना. शेवटी मीच सांगितलं, मोडक्या फ्रेंचमध्ये, की गाठ दिसत नाही कारण ही गाठ मारतच नाही, धागा आत फिरवते, आणि असं आमच्याकडे दुसऱ्या कोणाला येत नाही. हे मला इतकं माहीत होतं, कारण मी ते अनेकदा चोरून पाहिलं होतं. बाईने सहा स्वेटरचं काम दिलं, घरी बसून विणायचं.

परतीच्या गाडीत काचा बंद होत्या. लिलावती खिडकीशी बसली आणि बोलायला लागली. तिची आई लवकर गेली होती. एका मावशीने तिला वाढवलं. मावशी प्रेमळ होती, पण ठार बहिरी. घरात दोघीच. "दिवसभर मी बोलायची, अक्का. मावशी हसायची. काय बोलले ते तिला कळायचं नाय. मी निजायला जायची तर वाटायचं, आज मी कोणाला दिसलेच नाय."

ती थांबली. माझ्याकडे न बघता माझी बाही ओढून म्हणाली, "हूं म्हणा ना मधी मधी. नायतर कळत नाय, ऐकताय की नाय."

मी म्हटलं, "हूं."

पोर्ट लुई येईपर्यंत म्हणत होते. तिथून गाडी बदलली, तरी म्हणत होते.