भेटायची वेळ : नऊ ते अकरा

निसर्ग हा मानवाचा आद्य गुरू असून त्याचे दार सर्वांसाठी सदैव उघडे असते. आमच्या गल्लीत ते सकाळी नऊ ते अकरा एवढाच वेळ उघडे असते, आणि तेही चपला बाहेर काढल्यावर.

हा नियम सिस्टरांचा. त्यांचं नाव महानंदा आहे, पण आमच्या पूर्णा गावात त्या नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. सगळी नोकरी वालूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात झाली, आणि निवृत्तीनंतर त्या आमच्या समोरच्या घरात एकट्याच राहायला आल्या. दवाखाना सुटला, पण पेशंटची सवय सुटली नाही. हल्ली दर उन्हाळ्यात त्यांचा एकच पेशंट असतो. तो ओट्यावर छताला टांगलेला असतो.

बुरडाकडचं बांबूचं टोपलं, आणि मांजरापासून दूध वाचवायला पूर्वी घरोघरी असायचं तसलं काथ्याचं शिंकं. टोपल्याला आतून पोत्याचं अस्तर, त्यात वाळू, कुजलेलं शेणखत आणि तळ्यातला गाळ. आमच्याकडच्या काळ्या मातीला तिथे प्रवेश नाही. "ती पाणी पिती आन् छाती दाबून बसती," असं सिस्टरांचं निदान आहे. मधोमध पांढरी सदाफुली. कडेनं गुलाबी, पिवळे, नारिंगी चिनी गुलाब असे ओसंडत असतात की भर एप्रिलात, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना, माणूस उगाच थांबून बघतो. चिनी गुलाब ऊन आलं की उमलतो आणि टळटळीत दुपार झाली की मिटतो. म्हणून ती भेटायची वेळ.

सकाळी सिस्टर आधी हात धुतात. मग मातीत बोट खुपसून डोळे मिटून उभ्या राहतात. माती कोरडी लागली तर वर बांधलेल्या सलाईनच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून नळीनं थेंबथेंब सोडतात. वाळलेली फुलं काढतात, लांबलेले शेंडे खुडतात. शेवटी टोपलं थोडंसं फिरवतात. एकदा मी कारण विचारलं. "कूस बदलावी लागती," त्या म्हणाल्या. "एकाच अंगावर ऱ्हायलं की बेडसोर होतोय."

गेल्या वर्षी आमच्या वॉर्डातल्या एका पुढाऱ्यानं टोपल्याचा सत्कार करायचं ठरवलं. उन्हाळ्यात हिरवाई जपल्याबद्दल. शाल, श्रीफळ, फोटोवाला अशी मंडळी आली तेव्हा साडेबारा वाजले होते आणि एकूण एक फूल मिटलेलं होतं. सिस्टरांनी दार अर्धंच उघडलं आणि पेशंट झोपलाय, उद्या या, असं सांगितलं. उद्या पुढाऱ्याला परभणीला जायचं होतं. शेवटी मिटलेल्या फुलांवर दहा मिनिटं भाषण झालं. त्यात क्रांती हा शब्द बऱ्याचदा आला. सिस्टर तेवढा वेळ टोपल्यावर सावली धरून उभ्या होत्या. सत्काराची शालच त्यांनी त्यासाठी वापरली.

अशा बाईबद्दल इतकं लिहून मी थांबलो असतो. पण यंदा फेब्रुवारीत माझी आई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, आता उठवा, चालवा, पडून राहिल्या तर कायमच्या पडून राहतील. आईचं मत वेगळं होतं. "माझं झालं आता," ती म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलाला तिनं इतक्या प्रेमानं चहा पाजला की तो व्यायाम विसरून जायचा. मी समजावलं, रागावलो, एकदा तर पुस्तकातले उतारे वाचून दाखवले. त्यानं तिला छान झोप लागली.

सिस्टर एकदा भेटून गेल्या. दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन आल्या. त्यांच्या ओट्यावर मावळतीचं ऊन येतं, ते पेशंटला सोसत नाही, तेव्हा यंदा तुमच्या खिडकीबाहेर टांगू द्या, असं म्हणाल्या. इतकी वर्षं तेच ऊन सोसत होतं, हे मी बोललो नाही. त्यांनी छज्ज्याला कप्पी बांधली, दोरी ओवली आणि टोपलं बरोबर खिडकीच्या मध्ये आणलं.

आईनं भिंतीकडचं तोंड खिडकीकडे केलं. फुलं उमलायच्या वेळेला ती जागी राहू लागली. आज नारिंगी जास्त आहेत, असं मला सांगू लागली. मग साताठ दिवसांनी तक्रार सुरू झाली.

"ते टोपलं खाली खाली कसं काय जायलंय रे?"

मी सिस्टरांना विचारलं. उन्हानं काथ्या ढिला होतो, त्या म्हणाल्या. मला ते पटलं. माझ्या शिक्षणात काथ्याचा भाग नव्हता.

एका सकाळी आई डोळे मिटून पडली होती. सिस्टर आत आल्या, तिच्या उशीजवळ खाली बसल्या आणि आपलं डोकं तिच्या डोक्याच्या पातळीला आणून खिडकीकडे बघितलं. मग बाहेर गेल्या आणि दोरी चार बोटं सैल केली. खिडकीच्या कठड्यावर आता फक्त फुलांचे शेंडे दिसत होते. थोड्या वेळानं आई जागी झाली, तिकडे बघितलं, पुटपुटली आणि कोपरावर उठली.

पुढे टोपलं उतरत गेलं तशी तिला पाठीशी उशी उभी लागली. मग आई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसू लागली. एप्रिल संपता संपता टोपलं कठड्याच्या पार खाली गेलं, आणि त्या दिवशी मी चहा घेऊन आलो तर आई खिडकीचे गज धरून उभी होती. बाहेर सिस्टर दोरी हातात घेऊन उभ्या होत्या.

"सिस्टरबाई," आई म्हणाली, "आता आनखी खाली नेलं तर मला जमिनीवर पडून बघावं लागंल. तेवढं सोडा."

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी मी आभार मानायला समोर गेलो. वाक्य तयार केलं होतं, चांगलं होतं. सिस्टरांनी ते पूर्ण होऊ दिलं नाही. त्या रिकाम्या ओट्यावर बसल्या होत्या. शेंडे वेळेवर खुडत जा, एवढं सांगितलं.

"पेशंट बरा झाला की जातो," त्या म्हणाल्या. "परत कुणी येत न्हाई. येऊ बी न्हाई म्हणा, दवाखान्यात कशाला यावं कुणी."

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. सकाळी तिनं इस्त्रीचं लुगडं मागितलं, वॉकर मागितला, आणि मला हात न लावू देता रस्ता ओलांडून सिस्टरांच्या ओट्यावर चहाला गेली. दुपारपर्यंत दोघींच्या बोलण्याचा आवाज आमच्या घरात येत होता.

तेवढ्या वेळात खिडकीखालचं टोपलं गल्लीतल्या एका शेळीनं खाल्लं.