हेडक्लार्कांचं उजवं फुप्फुस

माणूस दिवसाला वीसेक हजार वेळा श्वास घेतो आणि त्यातल्या एकाही श्वासाला लेखी परवानगी लागत नाही, ही निसर्गाची मोठीच प्रशासकीय चूक आहे. आवक-जावक विभागाच्या हेडक्लार्कांच्या ती चोपन्नाव्या वर्षी लक्षात आली. तोवर त्यांच्या उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया रुजू झाला होता.

आधी नुसता खोकला होता. हेडक्लार्कांनी तो नऊ दिवस दाबून ठेवला. (एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून मोठ्या गोष्टी दाबल्या होत्या.) खोकला म्हणजे फुप्फुसाची तक्रार, आणि तक्रारीला लगेच दाद दिली की सवय लागते, असं त्यांचं मत. दहाव्या दिवशी ते ऑफिसच्या जिन्यात मटकन बसले. ओठ निळे पडलेले. शिपायाने आणि टायपिस्टबाईंनी त्यांना उचलून इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाकडे धरला. खाली उजवीकडे पांढरा ढग.

"फुप्फुसात पहारेकरी पेशी असतात, काका. जंतू दिसला की तिथल्या तिथे गिळतात. जंतू फार झाले की हाकाटी करतात. मग रक्तातून लाखो पांढऱ्या पेशी धावत येतात, जंतू मारतात आणि स्वतःही मरतात. त्या धुमश्चक्रीत पाणी साचतं, म्हणून ही धाप."

हेडक्लार्कांनी मास्क बाजूला सारला. "लाखो? मंजुरी कोणाची?"

"मंजुरीची वाट बघत बसल्या असत्या, तर तुम्ही परवाच गेला असतात."

"रजा न टाकता?" हेडक्लार्कांची धाप वाढली.

दुपारी मात्र श्वास खरोखरच पुरेना. त्यांनी बायकोचं मनगट घट्ट धरलं, आणि कोणीतरी परस्पर काहीतरी करून टाकावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

सुयांतून औषध गेलं, पेशींनी उरलेलं निस्तरलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. त्याबरोबर ती भावनाही उतरली. हेडक्लार्कांनी बायकोला सूचना लिहून घ्यायला लावल्या: पहारेकऱ्यांनी गिळण्यापूर्वी जंतूची ओळख पटवावी. कुमक तीन प्रतींत मागवावी. काम करता करता मरू नये, वाईट पायंडा पडतो.

घरी सोडताना आणखी सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या बंद केल्या.

"अहो, सगळ्या संपवायला सांगितल्यात ना?"

"विषय निकाली निघालाय. ठेव, कधीतरी लागतील."

आठवड्याभरात हेडक्लार्क पुन्हा त्याच खाटेवर होते, आणि पेशींच्या कामचुकारपणाबद्दल डॉक्टरीणबाईंना खडे बोल सुनावत होते.

वाचकांना हसू येणं साहजिक आहे. हरकत नाही, फक्त त्याआधी आपल्या घरातला औषधांचा डबा उघडावा, त्यातली अर्धवट पाकिटं मोजावीत, आणि मग जितका श्वास उरला असेल तितकं हसावं.