किल्लीकाकांना न उघडलेलं कुलूप

"एक मिनिट शिल्लक," असं किल्लीकाकांचा फोन गेली चाळीस मिनिटं सांगत होता.

"हे मिनिट आहे की तुझ्या वडिलांचं 'हा काय, निघालोच'?" काका कडाडले.

"माझ्या वडिलांना मध्ये आणू नका," काकू भांडी पुसता पुसता म्हणाल्या. "आजच ते बटण दाबायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

सांगितलं कुणीच नव्हतं. पण आज दुपारी चार वाजता रेडिओवरून काकांना फोन येणार होता. हातात कसब असलेल्या माणसांशी पंधरा मिनिटं थेट गप्पा, असा तो कार्यक्रम. चाळीस वर्षं काकांनी गावभरची कुलुपं उघडली होती. दाराबाहेर अडकलेली माणसं त्यांना देवासारखी हाका मारत आणि दार उघडलं की त्यांच्याच तोंडावर लावून घेत. नाव विचारणं सोडाच, 'बसा' म्हणायचीसुद्धा कुणाला सवड नसे. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना बोलायला सांगणार होतं आणि सगळं गाव निमूट ऐकणार होतं. मग माणूस फोनला थोडं नटवणार नाही? सकाळी पडद्यावर 'नवीन अपडेट तयार आहे, तुमचा फोन अधिक चांगला होईल' असं दिसलं आणि काकांनी लग्नघरच्या उत्साहानं 'होय' दाबलं.

सुरुवातीला फोन म्हणाला, बारा मिनिटं. थोड्या वेळानं म्हणाला, दोन तास. मग एकदम एक मिनिट, आणि तिथं जे ठाण मांडलं ते हलेचना. शेवटी साडेअकराला तो थरथरला, उजळला आणि म्हणाला, 'स्वागत आहे. आपला चार आकडी गुप्त क्रमांक टाका.'

"अगं, अंगठा दे!" काकांनी हाक मारली.

इथं एक खुलासा करायला हवा. चाळीस वर्षं कानस घासून घासून काकांच्या बोटांवरच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या. त्यांची बोटं इतकी गुळगुळीत की हातातल्या ग्लासालासुद्धा आपल्याला कुणी धरलंय याचा पत्ता लागत नसे. फोनही त्यांना ओळखत नव्हता. तो काकूंच्या अंगठ्यावर उघडे. काकांना कुणाला फोन करायचा झाला की आधी काकूंना शोधायला लागे.

काकूंनी ओला अंगठा पदराला पुसून टेकवला. फोन म्हणाला, 'अंगठा नंतर. आधी क्रमांक.'

"टाका की क्रमांक."

"मला काय माहीत?"

"अहो, फोन घेतला त्या दिवशी तुम्हीच घातलात. मला पाठ फिरवायला लावली होतीत! म्हणालात, हे धंद्यातलं आहे."

धंद्यातलंच होतं ते, आणि तिथंच घात झाला होता. काकांचा एक कडक नियम होता. गिऱ्हाईकाच्या किल्लीचे खाचखळगे, तिजोरीचे आकडे, काम झालं की डोक्यातून पुसून टाकायचे. ज्याला परक्याची किल्ली आठवते तो कारागीर नव्हे, चोर, असं ते म्हणत. विसरण्याचा त्यांनी असा रियाज केला होता, जसा एखाद्या गवयानं सुरांचा करावा. स्वतःच्या फोनचा क्रमांकही त्यांनी ठरवला, घातला आणि दुकानाची पायरी उतरायच्या आत इमानदारीनं विसरून टाकला.

"निदान स्वतःला तरी त्या नियमातून वगळायचं!" काकू म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम! आणि इतकं मनाला लावून घेऊ नकोस. कुलूपच आहे ना शेवटी?"

काकांनी हत्यारांची पेटी काढली. फोन कानाला लावून आत काही हलतंय का ते ऐकलं. आत सामसूम होती. मग त्यांनी काचेवर काळी पूड भुरभुरली. ज्या आकड्यांवर बोट जास्त पडतं ते उठून दिसतील, असा हिशेब. पुडीतून काचभर काकूंचे अंगठे तेवढे उमटले, लहान-मोठे, सरळ-तिरके, जणू कुणी गहाणखतच केलंय. शेवटी अंदाज सुरू झाला. लग्नाचं साल घातलं. चूक. काकूंनी सांगितलेलं लग्नाचं साल घातलं. तेही चूक. पाच चुका झाल्यावर फोन म्हणाला, 'तीस सेकंदांनी प्रयत्न करा.' पुढच्या चुकीला एक मिनिट, मग पाच, मग पंधरा, मग तासभर.

"मला शिक्षा करतोय!" काकांचं नाक लाल झालं. "माझाच फोन मला कोपऱ्यात उभं करतोय! अगं, साधं गंजकं कुलूपसुद्धा दहा वेळा चुकलो तरी चकार शब्द बोलत नाही. याची मिजास बघ!"

काकांच्या टपरीला लागूनच एका छत्रीवाल्याची टपरी होती. तीस वर्षांचा शेजार. काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण सल्ले मात्र दहा वर्षांनी थोरल्यासारखे द्यायचा. काका दुपारी टपरीवर येऊन थडकले, तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि छत्रीची काडी दातात धरून म्हणाला, "काका, फोन रुसलाय, नंबर नाही रुसलेला. सिम काढा आणि माझ्या फोनात घाला. चार वाजता इथं वाजेल. तुम्ही बोला."

सल्ला चक्क बरोबर निघाला. त्यामुळे काकांना आणखीच राग आला. सिम घातलं, बटणांचा तो जुनाट फोन सुरू झाला. फक्त त्याची बॅटरी इतकी म्हातारी होती की चार्जरची वायर काढली की डोळे मिटायचा. म्हणून तो तिथंच, खुंटीच्या बाजूला, वायरला बांधलेला राहिला.

"झालं की. आता बसा निवांत."

"बसा? चारला मी सांगणार, मला एकही कुलूप हरवू शकलेलं नाही. आणि खिशात हा दगड? सगळ्या गावाशी खोटं बोलू? पलीकडच्या गल्लीत ती मोबाईल दुरुस्तीवाली आहे. उघडून घेतो आणि पावणेचारला हजर होतो."

"आणि उशीर झाला तर?"

"तर उचल आणि म्हण, आलेच."

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात पाच माणसं रांगेत होती. टेबलाशी बसलेली बाई भिंगातून बघत काम करत होती, आणि कोपऱ्यात रेडिओ गुणगुणत होता. काकांचा नंबर लागला तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. तिनं फोन पाहिला, काचेवरची काळी पूड पाहिली, आणि विचारलं, "शेगडीत पडला होता का?"

"तपास चालला होता. उघडून द्या."

"क्रमांक नसेल तर उघडत नाही, आजोबा. सगळं पुसायला लागेल. फोटो, नंबर, सगळं. मग कोरा फोन मिळेल."

"म्हणजे? दाराची किल्ली हरवली म्हणून घर पाडायचं?"

"घर राहील. आतलं सामान जाईल."

"हा काय न्याय झाला? बाई, मी जर गिऱ्हाईकाला सांगितलं, कपाट उघडतो पण साड्या जाळायला लागतील, तर मला लोक उभं करतील का दारात?"

"आजोबा, अपडेट तुम्ही केलात, क्रमांक तुम्ही विसरलात, आणि ओरडताय माझ्यावर!"

मागच्या रांगेतून कुणीतरी "बरोबर आहे त्यांचं" म्हणालं. ते कुणाचं बरोबर, यावर रांगेत दोन तट पडले. काका दोन्ही तटांशी एकटे लढले. आणि लढाई ऐन रंगात असताना कोपऱ्यातून एक गोड आवाज आला, "नमस्कार! आज आपल्यासोबत फोनवर आहेत, चाळीस वर्षं गावाची कुलुपं उघडणारे आपले किल्लीकाका. काका, कसे आहात?"

घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

"आलेच," रेडिओतून छत्रीवाल्याचा आवाज आला.

"आलेच? वा, काका फार विनोदी आहेत! बरं, आम्हाला एखादा किस्सा सांगा ना."

थोडी खरखर झाली. मग छत्रीवाल्यानं घसा खाकरला. तीस वर्षं शेजारी बसून त्यानं काकांचे किस्से ऐकले होते. आणि काय सांगावं, त्यानं ते काकांपेक्षा रंगवून सांगितले. तिजोरीत अडकलेलं मांजर त्यानं असं ओरडून दाखवलं की रांगेतल्या एकीनं बाकाखाली वाकून पाहिलं.

"आणि बाई, त्या तिजोरीला सतरा कुलुपं होती!"

"सतरा नाही, सात!" काका ओरडले.

सगळं दुकान त्यांच्याकडे वळलं. मोबाईलवालीनं भिंग खाली ठेवलं. "तुम्ही ओळखता त्यांना?"

काकांनी तोंड उघडलं. 'तो भामटा आहे, किल्लीकाका मी आहे!' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. तेवढ्यात हात लागून टेबलावर पडलेला त्यांचा फोन उजळला. 'चुकीचा क्रमांक. एका तासानं प्रयत्न करा.' रांगेतल्या सगळ्यांनी ते वाचलं. काकांनी शब्द परत गिळले.

"शेजारी आहे मी त्यांचा," ते म्हणाले.

"काका, इतकं कसब आलं कुठून?" रेडिओवरच्या बाईनं विचारलं. "काही गुपित?"

"गुपित माझ्या शेजारच्या टपरीत बसतं," छत्रीवाला भरल्या गळ्यानं म्हणाला. "आमचे छत्रीवाले. हाताला काय कला आहे म्हणून सांगू! मी नुसतं लोखंड घासतो, बाई. जे काही शिकलो ते त्यांच्याकडं बघून. आणि स्वभाव? लोण्याहून मऊ. कधी कुणावर आवाज चढवणार नाहीत."

मग रांगेतली ती मांजरवाली बाई हळूच म्हणाली, "अगंबाई! म्हणजे ते तुम्हीच!"

"चला, बसा हो, बसा!" मोबाईलवालीनं स्वतःची खुर्ची पुढं केली. चाळीस वर्षांत कुणा परक्यानं काकांना 'बसा' म्हटलं नव्हतं. पाय दुखत होते. ते बसले.

मांजरवालीनं पिशवीतून एक छत्री काढली. "किती दिवस उघडत नाहीये बघा. तुम्ही भेटलात, नशीबच म्हणायचं."

नाही म्हणायची सोय नव्हती. काकांनी छत्री हातात घेतली, दांडा पिरगाळून पाहिला, गुळगुळीत अंगठ्यानं खटक्याची स्प्रिंग चाचपली. खिशातल्या तारेनं एकदाच आत टोचलं. खट्ट! छत्री दुकानभर पसरली आणि रांगेनं टाळ्या वाजवल्या.

"खरं बोलतो हो तो रेडिओवाला किल्लीकाका," बाई म्हणाली. "तुमच्यापुढं तो काहीच नाही."

काका ताडकन उठले. संतापानं त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"असं बोलायचं नाही त्याला! तोलामोलाचा कारागीर आहे तो. उभ्या गावात त्याच्यासारखा दुसरा नाही!"

"बघा!" बाईनं डोळ्यांना पदर लावला. "आणि किती मोठं मन!"